डॅशबोर्डातला आवाज

श्रोतेहो, आमच्या घरी एक गाडी आहे. तिचा जन्म १९६६ चा. २०२४ च्या उन्हाळ्यात तिच्यातल्या रेडिओला सर्दी झाली. 'सर्दी' हा शब्द माझ्या वडिलांचा. रोज सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीत बसून अण्णा प्रादेशिक बातम्या ऐकतात. एके दिवशी ते आत येऊन म्हणाले, "अरे, बातम्या देणाऱ्या बाईंना आठ दिवस झाले सर्दी आहे. आकाशवाणीत कुणी औषध देत नाही का?" मी जाऊन ऐकलं. बाईंचा आवाज खणखणीत असणार. फाटला होता तो आमचा स्पीकर.

गाडीची थोडी ओळख करून देतो. ती आहे स्टँडर्ड हेरल्ड. मूळ गाडी इंग्लंडातली, ट्रायम्फ हेरल्ड, १९५९ सालची. तिचं रूप जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन कलाकारानं काढलं. तीच गाडी पुढे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीनं आपल्याकडे बनवली. हेरल्डची चौकट आखूड करून १९६२ साली त्याच मिकेलोत्तीच्या हातून स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स गाडी झाली. म्हणजे आमची गाडी स्पोर्ट्स गाडीची थोरली बहीण. तिचं अख्खं बॉनेट पुढच्या बाजूला उलटं उघडतं, आणि जेमतेम २५ फुटांच्या वर्तुळात ती वळते. गुलमंडीच्या गर्दीत या गुणाची किंमत कळायची.

अण्णा जायकवाडी धरणावर इंजिनिअर होते. १९७४ साली त्यांनी ही गाडी जुनी म्हणून घेतली. औरंगाबाद ते पैठण, सुमारे ५० किलोमीटर, जाता-येता रेडिओ चालू. तेव्हा रेडिओला लायसन्स लागायचं, पोस्टात फी भरून त्या पुस्तकावर शिक्का घ्यायचा. ते पुस्तक अजून अण्णांच्या कपाटात आहे. आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालंय, अण्णा ८६ वर्षांचे झालेत. गाडी चालवणं त्यांनी सोडलं, गाडीत बसणं मात्र सोडलेलं नाही.

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक, आता निवृत्त. ध्वनी आणि वीज हे दोन्ही धडे मी तीस वर्षं शिकवले. तेव्हा स्पीकर बदलणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम, असं मला वाटलं. त्या अर्ध्या तासाचे दोन महिने कसे झाले, आणि त्यात मी काय शिकलो, ते आज सांगतो.

आधी स्पीकर मरतो कसा ते पाहू. स्पीकर म्हणजे कागदाचा एक शंकू, त्याच्या बुडाशी तारेचं बारीक वेटोळं, आणि वेटोळ्याभोवती चुंबक. तारेतून गाण्याची वीज वाहते, वेटोळं पुढे-मागे हलतं, कागद हवा ढकलतो. आमचा स्पीकर डॅशबोर्डाच्या वरच्या बाजूला, समोरच्या काचेकडे तोंड करून बसवलेला. आवाज काचेवर आपटून आपल्याकडे येतो. पण त्याच काचेतून ऊनही येतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाहेर ४० अंश असताना बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या घरात जातो. कागद वाळून पापडासारखा होतो, कडेची घडी चिरते. त्यात धूळ शिरते, आणि वेटोळं चुंबकाच्या फटीत घासू लागतं. ही अण्णांची सर्दी. चुंबकाला मात्र सहसा काही होत नाही. ते पन्नास वर्षांनीही शाबूत असतं.

माझा मुलगा म्हणाला, "बाबा, नवीनच बसवू. आजोबांना कमी ऐकू येतं, जोरदार सिस्टिम हवी." आम्ही गाडीचं सामान विकणाऱ्या एका दुकानात गेलो. त्या पोरानं डॅशबोर्डावर हात फिरवला. आमचा डॅशबोर्ड लाकडी फळीचा, पॉलिश अण्णांनी स्वतः केलेलं. पोरगा म्हणाला, "काका, इथं दोन मोठी भोकं पाडू, सहा बाय नऊचे स्पीकर टाकू. तीनशे वॅट. गल्ली हलेल." अण्णा मागच्या सीटवर होते. ते काही बोलले नाहीत, फक्त फळीकडे बघत राहिले. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

भोक पाडलं नाही, पण मोह सुटला नाही. मुलानं नवा एफएम सेट आणला. आता इंग्लिश घाटाच्या त्या काळच्या गाड्यांत एक गंमत असते. आज सगळ्या गाड्यांत बॅटरीचं मायनस टोक बॉडीला जोडलेलं असतं. यांत प्लस जोडलेलं असे. याला मेकॅनिक लोक पॉझिटिव्ह अर्थ म्हणतात. नव्या सेटची पेटी मायनसला जोडलेली असते. ती पेटी अशा गाडीच्या पत्र्याला टेकली की थेट शॉर्टसर्किट. हे मला माहीत होतं! म्हणून आधी वायरमनकडून बॅटरीची टोकं उलटी करून घेतली, कॉइलच्या तारा बदलल्या, डायनॅमोला नवी दिशा शिकवली. छाती फुगवून घरी आलो. नवा सेट जोडला, आणि स्पीकरला जुन्याच तारा लावल्या. सेटचा दिवा लागला. आवाज नाही. दोन मिनिटांत पेटी हाताला चटका देण्याइतकी तापली आणि दिवाही गेला.

सेट पिशवीत घालून मी शहागंजला गेलो. घड्याळाच्या मनोऱ्यापासून जवळच एक चाचा जुने रेडिओ दुरुस्त करतात. त्यांनी सेट उघडलासुद्धा नाही. एवढंच विचारलं, "सर, स्पीकर का एक वायर बॉडी को था क्या?" होता. जुन्या रेडिओत स्पीकरची एक तार सेटमधून यायची, दुसरी सरळ गाडीच्या पत्र्याला बोल्टानं आवळलेली असायची. आमच्या गाडीतही तशीच होती, आणि मी ती तशीच ठेवली होती.

यात चूक काय, ते सांगतो. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. जुन्या पद्धतीच्या सेटमध्ये स्पीकरचं एक टोक स्थिर, दुसऱ्या टोकाशी वीज वर-खाली होते. ४ ओहमच्या स्पीकरला यातून फार तर साडेचार वॅट मिळतात. नव्या सेटमध्ये दोन्ही टोकं हलती असतात, एक वर तर दुसरं खाली. दोघांनी मिळून ओढायच्या करवतीसारखी. त्यामुळे स्पीकरवरचा दाब दुप्पट होतो आणि शक्ती चौपट, म्हणजे सुमारे १८ वॅट. इंजिन चालू असताना विशीच्या थोडं वर. खोक्यावर पन्नास वॅट छापलेले असले तरी स्वच्छ आवाजाचा हिशेब एवढाच. पण करवतीचं एक टोक झाडाला बांधून टाकलं तर दुसरा ओढणारा दमून पडणारच. नव्या सेटच्या स्पीकरची कोणतीही तार बॉडीला टेकता कामा नये. दोन्ही तारा सेटपासून स्पीकरपर्यंत वेगळ्या न्यायच्या. ओहमचा नियम मुलांना पाठ करायला लावणाऱ्या मास्तरला हे एका सेटची किंमत मोजून कळलं.

मग चाचांनी जुना स्पीकर हातात घेऊन नखानं टकटक केलं. मी त्यांना मोठे स्पीकर आणि भोकांचं सांगितलं. ते म्हणाले, "काटना नक्को, सर. कटा सो लौट के नै आता." आणि त्यांनी विचारलं, "अब्बा सुनते क्या? गाना या बातां?"

श्रोतेहो, सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न हा होता, आणि तो मी अण्णांना विचारलाच नव्हता.

अण्णा ऐकतात बातम्या आणि भाषणं, म्हणजे माणसाचं बोलणं. वय वाढतं तसे कानाला आधी वरचे, बारीक सूर ऐकू येईनासे होतात. आपली स, श, फ, थ ही व्यंजनं त्या वरच्या सुरांत असतात. स्वर खालच्या सुरांत असतात आणि ते ऐकू येत राहतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "आवाज येतो, शब्द कळत नाही." अशा कानापुढे घुमणारा मोठा स्पीकर ठेवला की खालचे सूर आणखी फुगतात आणि उरलीसुरली व्यंजनं त्यांच्याखाली दबतात. गल्ली हलली असती, पण अण्णांना बातमी कळली नसती.

जुना स्पीकर बोलण्यासाठीच चांगला होता. मिडियम वेव्हची स्टेशनं आपल्याकडे ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली असतात. त्यामुळे सेकंदाला साडेचार हजार कंपनांच्या वरचा आवाज त्या रेडिओतून फारसा यायचाच नाही. स्पीकरही त्याच मधल्या पट्ट्यासाठी केलेले. त्यांचा कागद हलका, म्हणून तीन-चार वॅटमध्येही मोठ्यानं बोलायचे. आजच्या जाड, जड शंकूला हलवायला जास्त शक्ती लागते. एका स्पीकरची संवेदनक्षमता दुसऱ्यापेक्षा ६ डेसिबल कमी असेल तर तेवढ्याच आवाजाला चौपट वॅट लागतात. म्हणजे नुसते वॅट बघून स्पीकर घेणं हे नुसती उंची बघून जावई करण्यासारखं. सेट, स्पीकर आणि ऐकणारा कान, तिघांचं जमायला हवं.

चाचांनी जुन्या स्पीकरचा फाटका शंकू कापून काढला. चिकटपट्टीनं चुंबकाच्या फटीतली लोखंडाची धूळ ओढून घेतली. नवा कागदी शंकू वेटोळ्यासकट बसवला. वेटोळं फटीच्या बरोबर मध्यावर राहावं म्हणून भोवती जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचल्या, गोंद लावला, रात्रभर वाळू दिला, सकाळी पट्ट्या काढून घेतल्या. मल्टिमीटर लावला तर ३.४ ओहम. मीटरवर एवढं आलं की तो ४ ओहमचा स्पीकर समजायचा. ८ ओहमचा असेल तर सहा-सातच्या आसपास दिसतं. नवे सेट ४ ओहमला चालतात. याहून कमी असेल तर सेटवर ताण येतो.

बसवतानाही दोन गोष्टी शिकलो. स्पीकरचा कागद पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढत असतो. पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटली की खालचे सूर विरून जातात. डॅशबोर्डाची फळी या दोघींमधली भिंत असते. म्हणून स्पीकरच्या कडेला फट राहू द्यायची नाही. मी नमद्याची पातळ गादी लावली. दुसरं, जाळीवरचं कापड. आमच्या सौभाग्यवतींनी हौसेनं हिमरूचा तुकडा काढून दिला. औरंगाबादचं हिमरू, शोभलं असतं फार. पण चाचांनी एक परीक्षा सांगितली होती: कापड तोंडाशी धरून फुंकर मारायची, पलीकडच्या तळहाताला वारा लागला तर आवाज जाईल. हिमरू घट्ट विणीचं, नापास झालं. जुनंच विरळ कापड धुऊन लावलं. हिमरूचं सीटला उशीचं कव्हर झालं.

सेट दुसरा घेतला. तो कप्प्याच्या आत बसवला, डॅशबोर्डाला स्क्रूचंही भोक नाही. त्याच्या एकाच चॅनलच्या दोन तारा जुन्या स्पीकरला दिल्या. डावा-उजवा चॅनल एकत्र जोडायचा नाही, पुन्हा सेट जळतो. बोलण्याला एक चॅनल पुरतो. स्पीकर लहान आहे म्हणून आवाज मर्यादेत ठेवतो, आणि सेटमध्ये खालचे सूर कमी, मधले थोडे वर केलेत.

तुमच्यापैकी कुणाकडे हेरल्ड नसेल, पण कुर्ल्याच्या प्रीमियरची पद्मिनी असेल, अँबॅसेडर असेल. काम हाती घेताना आधी बॅटरीची तार काढा. गाडीची कोणती बाजू बॉडीला आहे ते बघा. स्पीकरच्या तारा बॉडीपासून सोडवा. मीटर लावून ओहम मोजा. सेटच्या तारेत फ्यूज घाला. दोन स्पीकर लावणार असाल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवून पाहा. प्लसला प्लस लावल्यावर दोघांचे कागद बाहेरच्या बाजूला हलले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर आवाज पोकळ येईल. आणि काढलेला जुना स्पीकर भंगारात देऊ नका, पिशवीत घालून, त्यावर तारीख लिहून ठेवा.

पहिल्या दिवशी सकाळी अण्णा गाडीत जाऊन बसले. मी शेडच्या खांबाला टेकून उभा होतो. बातम्या संपल्यावर ते बाहेर आले. मी विचारलं, "अण्णा, आवाज वाढवू का थोडा?"

"कशाला?" ते म्हणाले. "जायकवाडीचं पाणी सोडणार आहेत म्हणाल्या बाई. डाव्या कालव्यात." आणि काठी टेकत घरात गेले.

डावा कालवा. 'उजवा' नाही, 'डावा'. तेवढं मला पुरेसं होतं.