तीन चाकांचा भरवसा

पूर्व नागपुरातील लकडगंज ही इमारती लाकडाची पेठ. आरागिरण्यांची घरघर ऐकत आणि वखारींपुढे रचलेल्या सागाच्या फळ्या पाहत वाढलेल्या या वस्तीला माल वाहणारा तीनचाकी ठेला परका नाही. परंतु तेच तीन चाकांचे यंत्र गुडघे कुरकुरू लागलेल्या गृहस्थाने किंवा तोल सावरणे कठीण झालेल्या आजीबाईंनी स्वतःच्या सोयीसाठी घ्यावे, ही गोष्ट अजून संकोचानेच बोलली जाते. प्रौढाची तीनचाकी म्हटली की सरकारी शिबिरात वाटली जाणारी, हाताने फिरवायची गाडी डोळ्यांपुढे येते. १९७२ साली स्थापन झालेल्या कानपूरच्या ‘अलिम्को’ या अपंगांसाठी साधने बनवणाऱ्या सरकारी कंपनीने ती गावोगाव पोचवली, आणि केंद्र सरकारच्या १९८१ पासूनच्या योजनेने ती अनेकांच्या दाराशी आणली. तिच्यामुळे माणसे घराबाहेर पडली, हे उपकार लहान नव्हेत. पण त्यामुळे तीनचाकी ही अगतिकांचीच, असा ग्रह बळावला.

वास्तविक हिची कुळी मोठी आहे. न्युरेंबर्गजवळच्या स्टेफान फार्फलर या अपंग घड्याळजीने १६५५ च्या सुमारास स्वतःसाठी हाताने चालवायची तीनचाकी खुर्ची घडवली. १८८१ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीच्या कारखान्यातील तीनचाकी मागवली. वळणावर बाहेरचे चाक आतल्याहून अधिक अंतर कापते, सबब दोन्ही चाकांना जोर देऊनही त्यांना आपापल्या गतीने फिरू देणारी दंतचक्रांची योजना याच स्टार्लीने १८७७ मध्ये तीनचाकीत आणली. साध्या तीनचाकीत ही तजवीज नसते. पायडलचा जोर मागच्या एकाच चाकाला मिळतो, आणि चढावर गाडी एका अंगाला ओढते.

मात्र तीन चाके म्हणजे पडण्याचे भय संपले, ही समजूत घातक आहे. उभी असताना ती अढळ. पण दुचाकी वळणावर कलते तशी ही कलू शकत नाही, म्हणून वेगाने वळली तर आतले चाक उचलते, आणि बैठक जितकी उंच तितका उलटण्याचा धोका अधिक. पुढे दोन चाके असलेली, जमिनीलगत आडवे बसून चालवायची विलायती तीनचाकी या बाबतीत श्रेष्ठ खरी. परंतु इतक्या खालच्या बैठकीतून दुखऱ्या गुडघ्यांनी उठणे म्हणजे शिक्षाच! आमच्या मते मध्यममार्ग बरा: पाय न उचलता आत शिरता येईल असा खाली वाकलेला सांगाडा, रुंद गादी, पाठीला टेका, आणि वळणापूर्वी वेग आवरण्याची सवय. वखारीत फळी इंच-इंच मोजून घेणाऱ्या लकडगंजकराने पैसे मोजण्याआधी आपल्या फाटकाची रुंदीही मोजावी.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. अशक्त माणूस उतरताना सारा भार हँडलवर टाकतो. त्याच क्षणी गाडी सरकली तर उरलेल्या सर्व सोयी व्यर्थ. चाके अडकवून ठेवणारा थांब-ब्रेक नसेल, तर गाडी कितीही देखणी असो, दुकानातच सोडून यावी.