परराष्ट्रनीतीचें मूळ घरांत

राष्ट्रानें परक्यांशीं कसें वागावें हा विषय निघाला म्हणजे पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतही असें म्हणण्याची रीति आहे कीं, हीं दिल्लीकरांचीं कामें. आपण आपली शेती, मुलांचें शिक्षण आणि घरचे कुलधर्म पाहावे. वरवर पाहतां हें समंजसपणाचें दिसतें. परंतु परभणी जिल्ह्यांतील आमच्या वालूरसारख्या गांवाचा इतिहास चाळला तर अगदीं उलट अनुभव दिसून येतो. हैदराबादच्या दरबारानें कोणाशीं तह केला व कोणाशीं वैर धरलें, यावरून येथील रयतेचा सारा कोणाच्या फौजेवर खर्च व्हावा, आणि अखेरीस गांवकऱ्यांनीं रात्रीं निर्धास्त निजावें कीं नाहीं, हें ठरत गेलें. म्हणून या विषयाचा थोडा विचार वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत परराज्याशीं वागण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: संधि, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. म्हणजे तह करणें, वैर धरणें, स्वस्थ बसून वाट पाहणें, चालून जाण्याची सिद्धता करणें, बलिष्ठाचा आश्रय घेणें, आणि एकाशीं तह करून दुसऱ्याशीं झुंजणें. ही यादी पाठ करणें सोपें आहे. कोणता प्रकार केव्हां योजावा यांतच सारी गोम आहे. त्यासाठीं त्याच ग्रंथांतील दुसरी यादी पाहिली पाहिजे. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र हीं राज्याचीं सात अंगें. त्यांत मित्राचें स्थान सर्वांत शेवटीं आहे. अगोदरचीं सहा अंगें घरचीं. तीं धड असतील तरच सातवें उपयोगी पडावयाचें.

पहिली अडचण शेजाऱ्याची. शेजारी निवडतां येत नाहीं, आणि दूरचा बलवान् जवळच्या तुल्यबळापेक्षां कमी भयंकर वाटतो. अठराव्या शतकांत निजामाच्या एका अंगास पुणें होतें व दुसऱ्या अंगास म्हैसूर. १७८० च्या सुमारास नाना फडणिसांनीं इंग्रजांविरुद्ध निजाम, हैदर व नागपूरकर भोंसले यांस एकत्र आणिलें. परंतु इंग्रजांनीं गुंटूर परत देऊन निजाम अलीस त्यांतून फोडलें. पुढें १७९० त पुणें व हैदराबाद हे दोन्ही दरबार इंग्रजांच्या बाजूनें टिपूवर चालून गेले. मार्च १७९५ मध्यें तेच दोघे खर्ड्यास समोरासमोर उभे ठाकले. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर तटस्थ राहिला व निजामाचा पराभव झाला. तेव्हां निजामानें रेमाँ या फ्रेंच सेनानीची कवायती फौज वाढविली. आणि १७९८ त वेलस्लीची तैनाती फौज पत्करून तीच फ्रेंच पलटण मोडून टाकली. १८०० च्या तहानें म्हैसूरकडून मिळालेला मुलूख त्या तैनाती फौजेच्या खर्चासाठीं कंपनीस गेला, आणि कंपनीच्या सल्ल्यावांचून अन्य दरबारांशीं बोलणें लावण्याची मोकळीकही गेली. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें वसईस तोच फांस आपल्या गळ्यांत घालून घेतला. खर्ड्यास जिंकणारा आणि हरणारा आठ वर्षांच्या आंत एकाच दाराशीं जाऊन उभे राहिले.

दुसरी अडचण कोशाची. हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या इंग्रजी अंमलदारांच्या फौजेचा पगार थकला, कर्ज वाढलें, आणि १८५३ त निजामास वऱ्हाड, नळदुर्ग-धाराशिवचा भाग व रायचूर दुआब कंपनीकडे लावून द्यावे लागले. पैकीं शेवटचे दोन १८६० त परत मिळाले. वऱ्हाड मात्र आलें नाहीं; १९०२ त कर्झनच्या कारकीर्दींत सालिना २५ लाख रुपये खंडावर तें कायमचें इंग्रजांकडे राहिलें. आपल्या काळांत श्रीलंकेनें हंबनटोटा बंदर २०१७ मध्यें ९९ वर्षांच्या पट्ट्यानें चिनी कंपनीकडे दिलें. दोन्ही गोष्टी सर्वस्वीं सारख्या नव्हेत. तेथें परकी पलटण दारांत उभी नव्हती. तथापि तिजोरी रिकामी असली म्हणजे वाटाघाटींत समोरच्याचा शब्द वरचढ होतो, हें दोहोंकडे सारखेंच दिसतें.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, ती जनपदाची. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं इंग्रजांची सार्वभौम सत्ता संपली. सुमारें ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख, दीड कोटींहून अधिक लोक, स्वतःचें नाणें, टपाल व रेल्वे एवढें जवळ असल्यावर आपण स्वतंत्र राष्ट्र म्हणून नांदूं, असें निजाम मीर उस्मान अली खान व त्यांचे सल्लागार यांस वाटलें. परंतु समुद्र नाहीं, चहूंकडे भारत, आणि मराठी, तेलुगू व कानडी बोलणारी बहुसंख्य प्रजा राज्यकारभारापासून दूर ठेवलेली! २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं भारताशीं एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. कौटिल्याच्या भाषेंत हें आसन. पण आसनास परस्परविश्वास लागतो. लवकरच हैदराबादनें भारतीय चलनावर निर्बंध घातले व पाकिस्तानास २० कोटि रुपयांचें कर्ज दिल्याचें उघडकीस आलें. इकडे कासीम रझवीच्या रझाकारांनीं खेडींपाडीं लुटलीं. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगांत होते, आणि कितीएक कुटुंबें मुलांबाळांसह सरहद्दीपलीकडे निघून गेलीं. आपल्या रयतेची साक्ष ज्यास काढतां येत नव्हती, अशा त्या सरकारानें २१ ऑगस्ट १९४८ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे धांव घेतली. १३ सप्टेंबरास भारतीय फौजा आंत आल्या. समितीची बैठक पॅरिस येथें भरली ती १६ तारखेस. आणि १७ तारखेस निजामानें युद्ध थांबविल्याचें जाहीर केलें. पुढें २२ तारखेस त्यानें तक्रारही मागें घेतली.

या जयाचा आनंद आम्ही मराठवाड्यांतील लोक प्रतिवर्षीं साजरा करतों, तो योग्यच आहे. परंतु सत्य पुरें सांगितलें पाहिजे. फौजा आल्यावर जी सूडाची लाट उसळली तींत पुष्कळ निरपराध मुसलमान कुटुंबांचा बळी गेला. भारत सरकारनेंच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांत तिचा कहर सर्वाधिक झाल्याचें नमूद केलें आहे. त्या बिचाऱ्यांनीं ना पाकिस्तानास कर्ज दिलें होतें, ना पॅरिसला वकील धाडले होते. राजधानींतील चुकीच्या धोरणाचा दंड प्रथम रझाकारांच्या हातून एका शेजाऱ्यानें भरला आणि मागाहून सूड घेणाऱ्यांच्या हातून दुसऱ्यानें.

आजची गोष्ट घ्या. ऑगस्ट २०२५ मध्यें अमेरिकेनें पुष्कळशा भारतीय मालावरील जकात एकंदर ५० टक्क्यांपर्यंत चढविली. त्याच महिन्यांत आपल्या सरकारनें परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क कांहीं काळापुरतें उठविलें. गिरण्यांस कापूस स्वस्त मिळावा हा त्यांतील हेतु. पण परभणीकडच्या कापूसवाल्या शेतकऱ्याच्या हंगामाच्या तोंडावर ही सूट आली. गिरणीतील कामगारही आपला आणि शेतकरीही आपला. एकाचें हित राखतांना दुसऱ्याच्या ताटांतील घांस कमी होतो, हें ज्यानें एकत्र कुटुंबाचा संसार हांकला आहे त्यास समजावून सांगावयास नको. अशा वेळीं कर्त्यानें निदान ज्याचें नुकसान होणार त्यास अगोदर विश्वासांत घ्यावें, ही अपेक्षा रास्त आहे.

म्हणून वर्तमानपत्रांत एखाद्या तहाची वार्ता वाचतांना कर्त्या मंडळींनीं घरांतील मुलामुलींकडून तीन प्रश्नांचीं उत्तरें काढून घ्यावीं. हा तह कोणाच्या भयानें झाला? त्याचा खर्च कोणाच्या कोशांतून? आणि ज्या प्रजेच्या नांवानें तो झाला, तिला कोणीं कांहीं विचारलें काय? संध्याकाळचीं पंधरा मिनिटें यांत गेलीं तरी तीं वायां जाणार नाहींत. हींच मुलें उद्यां मत देणार आहेत, आणि दिल्लींतील कारभाऱ्यांस प्रश्न विचारण्याची संवय त्यांस घरींच लागली पाहिजे.