नामकरण, जीववैज्ञानिक

सजीवांमधील साम्य व भेद पाहून त्यांचे लहानमोठे गट पाडण्याच्या कार्यास वर्गीकरण आणि त्या गटांना सर्व देशांत एकाच अर्थाने वापरता येतील अशी नावे देण्याच्या कार्यास नामकरण म्हणतात. ही दोन्ही कार्ये एकमेकांत गुंतलेली असली, तरी ती भिन्न आहेत. वर्गीकरण हे अभ्यासकाचे मत असते व नवा पुरावा मिळाल्यास ते बदलते. नामकरण मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनी बांधलेले असते.

या नियमांची गरज कोणत्याही धान्यबाजारात पटते. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुने जालना व दुसऱ्या तीरावर नवीन जालना वसलेले असून हे शहर धान्य, कापूस व बियाणे यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. येथे मूग व उडीद यांत कोणी गल्लत करीत नाही. वनस्पतिविज्ञानाच्या ग्रंथांत मात्र ती दीर्घकाळ झाली. स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये फॅसिओलस रेडिएटस आणि १७६७ मध्ये फॅसिओलस मुंगो या जातींचे वर्णन केले. यांपैकी ‘मुंगो’ हा शब्द उघडच मूग या भारतीय नावावरून आलेला आहे. परंतु ज्या वनस्पतीला तो चिकटला ती उडीद होय. जुन्या शेतकी ग्रंथांत त्यामुळे एकाच शास्त्रीय नावाखाली कोठे मूग, तर कोठे उडीद आढळतो. विल्यम रॉक्सबर्ग यांनी मुगाला दिलेले फॅसिओलस ऑरियस हे नाव १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले व पुढे शंभराहून अधिक वर्षे प्रचारात राहिले. पण ही वनस्पती व लिनीअस यांची ‘रेडिएटस’ एकच, असे ठरल्यावर आधीच्या नावास मान मिळाला. यास अग्रक्रमाचा नियम म्हणतात. ‘मुंगो’ हे नाव अर्थाने चुकीचे असूनही ते बदलता येत नाही, कारण नाव अयोग्य आहे एवढ्याच कारणासाठी ते टाकून देण्यास नियमांची अनुमती नाही. ती दिली असती, तर प्रत्येक पिढीने नावे नव्याने ठेवली असती.

याच दोन कडधान्यांच्या बाबतीत वर्गीकरणही बदलले. घेवडा (राजमा) हा अमेरिका खंडातील मूळचा असून त्याच्या फुलातील नौदल (तळाच्या जुळलेल्या पाकळ्या) मळसूत्रासारखे वेटोळे घेते. मूग, उडीद व मटकी यांची फुले पिवळी असतात, त्यांच्या नौदलाला असे पूर्ण वेटोळे नसते आणि उपपर्णे देठाला मध्यभागी चिकटलेली असतात. या लक्षणांवरून ती चवळीच्या व्हिग्ना प्रजातीत घालण्यात आली. आर. विल्चेक यांनी १९५४ मध्ये मुगास व्हिग्ना रेडिएटा, तर एफ. एन. हेपर यांनी १९५६ मध्ये उडदास व्हिग्ना मुंगो हे नाव दिले. प्रजातीचे नाव बदलले तरी जातिवाचक शब्द कायम राहिला. फक्त व्हिग्ना हे लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी असल्याने ‘रेडिएटस’चे ‘रेडिएटा’ झाले. ज्वारीचे सॉर्घम व्हल्गेर (१८०५) हे नावही असेच मागे पडून अधिक जुन्या जातिवाचक शब्दाचे सॉर्घम बायकलर हे नाव रूढ झाले. बाजरीच्या नावाचा वाद याहून गुंतागुंतीचा आहे.

लिनीअस यांच्या द्विनाम पद्धतीत पहिला शब्द प्रजातीचा व दुसरा जातीचा असतो. तत्पूर्वी वनस्पतीचे नाव म्हणजे अनेक शब्दांचे लॅटिन वर्णनच असे. बहुतेक वनस्पतींच्या नावांचा आरंभ १७५३ पासून व प्राण्यांच्या नावांचा १७५८ पासून धरला जातो. दोहोंच्या नियमसंहिता स्वतंत्र आहेत. प्रजातीच्या वर कुल, गण, वर्ग, संघ (वनस्पतींत विभाग) व सृष्टी अशा पायऱ्या असतात.

जातीचे नाव एखाद्या ठरावीक नमुन्याशी बांधलेले असते. त्यास प्ररूप म्हणतात. तो व त्यासारखे इतर नमुने संग्रहालयात जपून ठेवतात. नमुन्यावरील चिठ्ठीत स्थळ, दिनांक व संग्राहक यांची नोंद असते व तिचे महत्त्व नमुन्याइतकेच आहे. रानपिंगळा या लहान घुबडाचे वर्णन ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी या नावाने केले (आता ही जाती अथीनी प्रजातीत गणली जाते). तो १९१४ मध्ये गुजरातेत मांडवी येथे सापडल्याची एक नोंद होती. पामेला रॅसमुसेन व नायजेल कॉलर यांच्या तपासणीत ती बनावट ठरली : रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी ब्रिटिश संग्रहालयातील जुना नमुना चोरून, नव्याने भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. ती नोंद बाजूला सारून अस्सल नमुन्यांच्या स्थळांकडे शोध वळविल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये रॅसमुसेन व त्यांचे सहकारी यांना हा पक्षी खानदेशात शहाद्याजवळ जिवंत आढळला.

वर्गीकरणाचा थेट व्यावहारिक उपयोग कापसात दिसतो. लागवडीतील चार जातींपैकी गॉसिपियम आर्बोरियम व गॉ. हर्बेशियम या जुन्या जगातील असून त्यांत २६ गुणसूत्रे असतात, गॉ. हिर्सुटम व गॉ. बार्बाडेन्स या अमेरिकी जातींत ५२ असतात. या दोन गटांचा संकर साधला, तरी ३९ गुणसूत्रांची संतती सामान्यतः वांझ निघते. मराठवाड्यात पूर्वी सर्वत्र दिसणारा देशी कापूस आर्बोरियम जातीचा. ‘वृक्षासारखा’ असा या शब्दाचा अर्थ असला, तरी शेतातील त्याचे झुडूप एका हंगामाचेच असते. ‘एच-४’ (१९७०) हा संकरित वाण हिर्सुटम जातीच्या अंतर्गत संकरातून, तर ‘वरलक्ष्मी’ (१९७२) हा हिर्सुटम व बार्बाडेन्स यांच्या संकरातून निघाला. दोन्हींतील मातापिता ५२ गुणसूत्रांच्या गटातील आहेत.

वाणांची नावे ही निराळी बाब होय. बद्रीनारायण बारवाले यांनी जालना येथे १९६४ मध्ये महाराष्ट्र हायब्रिड सीड्स (महिको) ही कंपनी स्थापन केली. त्यापूर्वी त्यांनी ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणाचे बी तयार करण्यास प्रारंभ केला होता. त्यांना १९९८ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. भेंडीचे शास्त्रीय नाव ॲबेलमॉस्कस एस्क्युलेंटस (लिनीअस यांच्या मते ती हिबिस्कस प्रजातीतील होती). ‘पुसा सावनी’ हे वाणाचे नाव असून ते लॅटिन नसते आणि एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात. अशा नावांसाठी लागवडीतील वनस्पतींची वेगळी संहिता आहे. बियाणे अधिनियम, १९६६ अन्वये अधिसूचित वाणांच्या पिशवीवर पीक व वाण यांचा निर्देश आवश्यक ठरला. एकच वाण दोन नावांनी विकला गेला, तर शेतकऱ्याला मागील हंगामाचा अनुभव उपयोगी पडत नाही.

बाजारातील नाव याहून तिसरे. जालन्याच्या मोसंबीस २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. ते नाव प्रदेशाचे आहे, जातीचे नव्हे. मोसंबी ज्या गोड संत्र्याच्या गटात मोडते, तो गट पपनस व मँडरिन संत्रे यांच्या प्राचीन संकरातून उद्भवला असून त्यामुळे त्याच्या शास्त्रीय नावात प्रजाती व जाती यांच्यामध्ये पुष्कळ लेखक गुणाकाराचे चिन्ह घालतात.