सावलीचे माप: अक्कलकोटचे ऊन किती घ्यावे, केव्हा घ्यावे

मराठीत ‘ऊन’ हा एकच शब्द सूर्याचा प्रकाश आणि सूर्याची धग या दोन्ही अर्थांनी वापरला जातो, त्यामुळे ‘थोडे ऊन अंगावर घ्यावे’ आणि ‘उन्हात फिरू नये’ हे दोन्ही सल्ले एकाच घरात, पुष्कळदा एकाच तोंडून ऐकू येतात. दोन्ही सल्ले योग्यच आहेत. मात्र ते उन्हाच्या दोन वेगळ्या अंगांविषयी आहेत. हाडांना उपयोगी पडतात ते प्रकाशातील, डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण; माणसाला आडवे पाडते ती धग; आणि या दोहोंचे वेळापत्रक सारखे नसते. सोलापूर जिल्ह्यातील, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या अक्कलकोटसारख्या पर्जन्यछायेतील कोरड्या तालुक्यात हा फरक विशेष ठळकपणे दिसतो.

अतिनील किरणांपैकी ‘ब’ गटातील किरण त्वचेवर पडले की तेथील कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यापासून ‘ड’ जीवनसत्त्व तयार होऊ लागते. पुढे यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होऊन त्याला कार्यक्षम रूप येते, आणि या रूपामुळे आतड्यांतून कॅल्शियमचे शोषण नीट होते. ते कमी पडले तर मुलांची हाडे मऊ राहून पाय वाकतात, म्हणजे मुडदूस होतो, आणि प्रौढांची हाडे दुखू लागतात, स्नायू दुबळे होतात. निसर्गाने या व्यवस्थेत एक झडपही ठेवली आहे: ठरावीक प्रमाणानंतर त्वचेतील पूर्वद्रव्य निरुपयोगी घटकांत बदलू लागते. म्हणूनच केवळ उन्हामुळे ‘ड’ जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही, आणि त्याच कारणाने तासन्‌तास उन्हात बसून जास्तीचा साठाही करता येत नाही.

हे ‘ब’ किरण वातावरणात सहज अडतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्यांना हवेचा जाड थर तिरपा ओलांडावा लागतो आणि फार थोडे किरण जमिनीपर्यंत पोहोचतात. याचे सोपे माप प्रत्येकाच्या पायाशीच असते: सावली उंचीपेक्षा आखूड झाली की सूर्य ४५ अंशांच्या वर चढलेला असतो आणि हे किरण पुरेसे मिळू लागतात. अक्कलकोट सुमारे साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे डिसेंबरातील सर्वांत लहान दिवशीही माध्यान्हीचा सूर्य सुमारे ४९ अंशांपर्यंत चढतो, तर त्याच दिवशी लंडनमध्ये तो जेमतेम १५ अंशांवर असतो. या गावाची खरी माध्यान्ह घड्याळाच्या बाराला न होता साधारण बारा दहा ते बारा चाळीस या दरम्यान होते. त्यानुसार डिसेंबरअखेर सावली आखूड असण्याचा काळ सुमारे अकरा ते पावणेदोन एवढाच भरतो. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, सूर्य बरोबर डोक्यावर येऊन क्षणभर सावलीच नाहीशी होते तेव्हा, हा काळ सव्वानऊलाच सुरू होतो.

या हिशेबातून कोवळ्या उन्हाविषयीच्या समजुतीला थोडी मुरड घालावी लागते. सकाळी सात-आठच्या सोनेरी उन्हात ‘ड’ जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही. तरीही ते ऊन वाया जाते असे नाही, कारण सकाळचा उजेड डोळ्यांत शिरल्याने मेंदूतील दिनरात्रीचे घड्याळ जुळते, रात्री झोप वेळेवर येते आणि मनही प्रसन्न राहते. नवजात बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याच्या जुन्या रिवाजामागेही तथ्य आहे: कावीळ झालेल्या बाळाच्या रक्तातील पिवळे रंगद्रव्य निळसर प्रकाशाने विघटित होते. मात्र रुग्णालयातील उपचारात हा प्रकाश मोजून दिला जातो. घरच्या उन्हाला तसे माप नसते, म्हणून पिवळेपणा दिसताच बाळाला डॉक्टरांकडे नेणे आवश्यक ठरते.

एवढा सूर्य डोक्यावर असताना भारतात ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळावी, याची कारणे हवामानात नसून राहणीत आहेत. सोलापुरात यंत्रमागावर दिवस काढणारा कामगार आणि घरात बसून विड्या वळणारी बाई यांच्या अंगावर दुपारचे ऊन क्वचितच पडते, आणि कार्यालयातील काचेच्या खिडकीतून उजेड व ऊब आत आली तरी ‘ब’ किरण बाहेरच राहतात. शेतात राबणाऱ्यांनाही डोक्यापासून पायांपर्यंत अंग झाकूनच काम करावे लागते. शिवाय सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य त्वचेचे रक्षण करताना हे किरणही शोषून घेते, त्यामुळे गोऱ्या लोकांसाठी सांगितलेली दहा-पंधरा मिनिटे येथे पुरत नाहीत. पुण्याजवळच्या ग्रामीण पुरुषांवरील, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या कपड्यांत दररोज दुपारचे किमान तासभर ऊन लागते, असा निष्कर्ष निघाला.

उन्हाचा उपचार म्हणून विचार नवा नाही. त्वचेच्या क्षयावर केंद्रित प्रकाश वापरणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील प्रकाशाने मुडदूस बरा होतो हे दाखवून दिले. पुणे–सोलापूर मार्गावरील उरुळी कांचन येथे महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९४६ साली उन्हालाही उपचार मानणारा निसर्गोपचार आश्रम सुरू झाला.

उन्हाची मर्यादा मात्र अक्कलकोटला पंचांगातच दिसते. येथील संत स्वामी समर्थांचा प्रकटदिन चैत्र शुद्ध द्वितीयेला आणि पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीला येते, म्हणजे पायी दिंड्या आणि दर्शनाच्या रांगा नेमक्या मार्च-एप्रिलच्या, क्वचित मेच्या, चटक्यात भरतात. अतिनील किरणांचा जोर माध्यान्हीला सर्वाधिक असतो, पण जमीन तापून हवेची धग अडीच ते चारच्या दरम्यान शिगेला पोहोचते; त्यामुळे ‘आता ऊन कलले’ असे समजून तीन वाजता निघालेला अनवाणी यात्रेकरू तापलेल्या डांबरावर सर्वांत वाईट वेळ गाठतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील सोहळ्यानंतर १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला, तेव्हा तापमान चाळिशीच्या आत होते. पारा, हवेतील दमटपणा, गर्दी आणि उन्हात काढलेला वेळ यांची बेरीज घातक ठरते. घेरी, मळमळ, पायांत गोळे ही पहिली चिन्हे होत. बडबड, गोंधळ किंवा शुद्ध हरपणे म्हणजे उष्माघात. अशा वेळी माणसाला सावलीत आणून अंगावर पाणी ओतत वारा घालावा आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये.

धगीइतके तातडीचे नसले तरी किरणांचे नुकसानही साचत जाते. सावळ्या त्वचेत कर्करोगाचे प्रमाण कमी असले तरी वांगाचे डाग गडद होतात, त्वचा लवकर सुरकुतते आणि वर्षानुवर्षांच्या प्रखर प्रकाशाने मोतीबिंदूची शक्यता वाढते. कोड असलेल्यांनी आणि डॉक्सिसायक्लिनसारखी औषधे घेणाऱ्यांनी अधिक जपावे. उन्हाऐवजी ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुडीवर विसंबणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे की ६०,००० युनिटची साप्ताहिक मात्रा तपासणीविना महिनोन्‌महिने चालू ठेवली तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना अपाय होतो; त्वचेतील झडप पुडीला लागू पडत नाही.

यावरून वर्षाचा क्रम सहज बसवता येतो. कार्तिक ते माघ या काळात, शिवारात हुरड्याची आगटी पेटते तेव्हा, दुपारी बाराचे ऊनही सोसवते. हात, पाय, शक्य तर पाठ उघडी ठेवून, त्वचा चुरचुरण्याआधी उठायचे, एवढे पथ्य पुरते. चैत्र-वैशाखात तेच ऊन साडेनऊ-दहाच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटे घेऊन, अकरानंतर टोपी, उपरणे, पाणी आणि सावली यांचा आधार घ्यावा. ज्वारीच्या काढणीला उजाडताच लागणारा आणि दुपारी बांधावरच्या झाडाखाली भाकरी सोडणारा शेतकरी घड्याळ न पाहता हीच वेळ पाळत आला आहे, आणि ज्या गावाचे प्रमुख देऊळ वटवृक्षाच्या नावाने ओळखले जाते, तेथे सावलीचे मोल निराळे सांगायला नको.