बरणीतले लिटर आणि अंगातलं रक्त

एका वेळी पाच लिटरपेक्षा जास्त द्रव ओढून काढला की ते मोठ्या प्रमाणातलं लायपोसक्शन, अशी सर्वसाधारण व्याख्या आहे. तिचा अर्थ ‘पाचच्या आत धोका नाही’ असा लावला जातो, तो चूक. 2015 मध्ये अमेरिकेतल्या साडेचार हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की बीएमआयच्या एका अंकामागे काढलेला द्रव 100 मिलिलिटरच्या वर गेला की गुंतागुंत वाढते. म्हणजे बीएमआय 24 असेल, तर ही रेषा अडीच लिटरच्याही अलीकडे येते.

‘चरबीच निघते, रक्त जात नाही’ हा समज मात्र अगदीच निराधार नाही. जुन्या कोरड्या पद्धतीत निघालेल्या द्रवात 20 ते 45 टक्के रक्त असे. 1987 मध्ये जेफ्री क्लाइन यांनी लिग्नोकेन आणि ॲड्रेनालाईन मिसळलेलं सलाईन आधी कातडीखाली भरण्याची पद्धत मांडली आणि हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. मग काळजी कसली? ओढलेला द्रव जमतो त्या बरणीत दिसतं तेवढंच रक्त गेलेलं नसतं. काही आतच झिरपून राहतं. शिवाय भरलेल्या द्रवाचा मोठा भाग अंगातच उरतो आणि सावकाश रक्तात उतरतो. रक्त पातळ होतं, हिमोग्लोबिन दुसऱ्या दिवशी घसरलेलं दिसतं. त्यात शिरेतून सलाईन बेहिशेबी चढवलं, तर फुफ्फुसात पाणी साचू शकतं. लिग्नोकेनची रक्तातली पातळीही बऱ्याच तासांनी शिगेला पोचते, म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याच संध्याकाळी घरी जाणं बरं नव्हे.

अमरावती-अकोल्यात हा हिशेब आणखी बारकाईने मांडायला हवा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. विदर्भात, मेळघाट धरून, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. सिकलसेलच्या वाहकांवर एरवी शस्त्रक्रिया होतातच, हा आक्षेप रास्त आहे, आणि त्यांना मनाई करावी असंही नाही. पण ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, त्याला पाणी कमी पडणं, थंडी, प्राणवायूची कमतरता यांपैकी काहीही झटका आणू शकतं. वाहकाचं हिमोग्लोबिन बहुधा नेहमीसारखंच येतं, तेव्हा सिकलसेलची तपासणी वेगळी मागावी लागते.

साखर, कोलेस्टेरॉल सुधारेल म्हणून धोका पत्करू, असंही म्हटलं जातं. 2004 मध्ये 15 लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची नऊ-दहा किलो चरबी काढून पाहिली गेली. दहा-बारा आठवड्यांनी रक्तातली साखर, चरबी, रक्तदाब, इन्शुलिनचा परिणाम, सगळं जिथल्या तिथे. कारण उघड आहे: आतड्यांभोवतीच्या आणि यकृतातल्या चरबीपर्यंत लायपोसक्शनची नळी पोचतच नाही.