'काढणे' म्हणजे नेमकं काय?

आपल्या मराठीतलं 'काढणे' हे क्रियापद भारी गमतीचं आहे. कुणी शाळा काढतो म्हणजे ती सुरू करतो, आणि सर आपल्याला वर्गाबाहेर काढतात म्हणजे चक्क हाकलतात! ऐकणारा माणूस असला की त्याला अर्थ बरोबर कळतो. पण ऐकणारं सॉफ्टवेअर असेल तर? याच घोळाने ज्युनियर्सच्या सबमिशनच्या आदल्या रात्री आमची झोप उडवली.

आधी थोडी पार्श्वभूमी. डिरेक्टरी म्हणजे संस्थेतल्या सगळ्या यूजर्सची आणि कॉम्प्युटर्सची नोंदवही. मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज २००० सर्व्हरबरोबर आली आणि आजही अनेक ऑफिसांत चालते. प्रत्येकाला वेगवेगळी परवानगी देत बसण्यापेक्षा त्यात ग्रुप करतात. ग्रुपला एक फोल्डर उघडायची परवानगी दिली, की त्यातल्या सगळ्यांना ती आपोआप मिळते.

आता या ग्रुप्सची कामं एआय एजंटकडून करून घेता येतात. त्यासाठी आपण त्याला टूल्स, म्हणजे आपण लिहिलेली फंक्शन्स देतो. गंमत अशी, की टूलच्या आतला कोड एजंटला सहसा दिसतच नाही. त्याला दिसतं ते टूलचं नाव, वर्णन आणि कोणतं इनपुट द्यायचं त्याची यादी. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही हीच पद्धत आहे. थोडक्यात, आपण लिहू तेवढंच त्याचं ज्ञान!

आमच्या प्रोजेक्टमध्ये डॉक्युमेंटेशन माझ्याकडे होतं. कंटाळवाणं काम, म्हणून शेवटी उरकलं. एका टूलचं नाव ठेवलं 'रिमूव्ह ग्रुप' आणि वर्णनातही तेवढंच लिहिलं. पार्टनरने एजंटला सांगितलं, "मागच्या वर्षीच्या बॅचला लॅबच्या ग्रुपमधून काढ." एजंटने एकेक नाव कमी करण्याऐवजी अख्खा ग्रुपच उडवला! ज्युनियर्सच्या सबमिशनचं फोल्डर त्याच ग्रुपवर चालत होतं.

मला वाटलं, त्यात काय, त्याच नावाचा नवा ग्रुप करू. केला, तरी फोल्डर उघडेना. कारण विंडोज परवानगी नावाला देत नाही, तर सिक्युरिटी आयडेंटिफायर या नंबराला देतं. नाव जुनंच असलं तरी नव्या ग्रुपचा नंबर नवा असतो. विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला रिसायकल बिन आहे, पण ते आधी चालू करावं लागतं. आम्ही केलेलं नव्हतं. मग काय, रात्री दोनपर्यंत एकेका फोल्डरला परत परवानग्या देत बसलो.

दुसऱ्या दिवशी सगळी वर्णनं नव्याने लिहिली. त्यातून शिकलेल्या गोष्टी अशा :

१) नावाचा एकच अर्थ निघावा. 'डिलीट ग्रुप' आणि 'रिमूव्ह मेंबर फ्रॉम ग्रुप' ही नावं वेगळी ठेवा. टूल कधी वापरायचं याच्याबरोबर कधी वापरायचं नाही, हेही लिहा.

२) परिणाम सांगा. 'ग्रुप पुन्हा बनवला तरी जुन्या परवानग्या परत येत नाहीत' हे वाक्य तिथे असतं, तर कदाचित एजंट आधी विचारायला थांबला असता.

३) कोणता ग्रुप ते नेमकं मागा. सारखी दिसणारी दोन नावं सापडली तर अंदाज न करता विचार, असं स्पष्ट लिहा.

४) उत्तर अपुरं असेल तर तसं सांगा. मायक्रोसॉफ्ट ग्राफमध्ये मेंबर्सची यादी मागितली तर एका पानावर साधारणपणे १०० च नावं येतात. पुढचं पान मागायचं हे माहीत नसेल, तर एजंट १०० वरच थांबेल. शिवाय ग्रुपच्या पोटात ग्रुप असेल, तर आतली माणसं साध्या यादीत येत नाहीत.

आमचीच चूक जगावेगळी होती असंही नाही. याच ग्राफमध्ये ग्रुपमधून मेंबर कमी करताना पत्त्याच्या शेवटी 'रेफ' हा तुकडा लावायचा राहिला आणि अ‍ॅपला तेवढी परवानगी असली, तर तो यूजरच डिलीट होतो! मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तसा इशारा दिला आहे.

पण एक लक्षात ठेवा. डॉक्युमेंटेशन ही पाटी आहे, कुलूप नाही. ग्रुप डिलीट करायची परवानगी एजंटच्या अकाउंटला आम्ही द्यायलाच नको होती. आता ती काढून घेतली आहे.

ज्युनियर्सची सबमिशन्स वेळेवर झाली, हे नशीब! नंतर सरांनी विचारलं, "तो ग्रुप काढला कुणी?" मी म्हणाले, "सर, दोन्ही अर्थांनी मीच!"