दुसऱ्या प्रोसेसरला जागे कोण करणार?

संगणकात दुसरा प्रोसेसर बसवला की काम आपोआप दुप्पट वेगाने होईल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात विंडोज ९५ किंवा ९८ असलेल्या संगणकात दुसरा प्रोसेसर नुसता बसून राहत असे. असे का?

संगणक सुरू होताना एकच प्रोसेसर कामाला लागतो. बाकीचे थांबून असतात. त्यांना जागे करणे हे ऑपरेटिंग सिस्टीमचे काम. पण ते किती आहेत, हे तिला कसे कळावे? इंटेलने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या नियमांनुसार मदरबोर्डवरील बायोस मेमरीत एक तक्ता ठेवत असे. त्यात प्रत्येक प्रोसेसरची नोंद असे. ऑपरेटिंग सिस्टीम ठराविक जागी 'एमपी' ही खूण शोधत असे, तिच्यावरून तक्ता गाठत असे आणि एकेका प्रोसेसरला संदेश पाठवत असे.

मग झाले का काम? नाही. खरी अडचण पुढेच आहे. वर्गात हा प्रयोग करून पाहा. फळ्यावर १० लिहा. दोन विद्यार्थ्यांनी आकडा वाचायचा, फळ्याकडे पाठ करून मनात १ मिळवायचा आणि जुना आकडा पुसून नवा लिहायचा. दोघांनी एकदमच १० वाचले, तर दोघेही ११ लिहितील. उत्तर मात्र १२ हवे! फळा म्हणजे सामाईक मेमरी, विद्यार्थी म्हणजे प्रोसेसर.

आता खडू एकच ठेवा. ज्याच्या हाती खडू, त्यानेच वाचायचे आणि लिहायचे. उत्तर बरोबर येईल. संगणकाच्या भाषेत हा खडू म्हणजे 'लॉक'.

१९९६ साली आलेल्या लिनक्स २.० मध्ये ऑपरेटिंग सिस्टीमच्या संपूर्ण गाभ्याला, म्हणजे कर्नलला, असे एकच मोठे लॉक होते. चूक टळली, पण एकाला गाभ्यात काम असले की दुसऱ्याला ताटकळावे लागे. पुढे लहान लहान लॉक आली. मोठे लॉक पूर्णपणे निघाले ते २०११ साली.

एकच प्रोसेसर असेल तर लॉक लावण्यात वेळ फुकट जातो. म्हणून विंडोज एनटी ४.० मध्ये एका प्रोसेसरसाठी वेगळे कर्नल होते आणि अनेकांसाठी वेगळे. नंतर दुसरा प्रोसेसर बसवल्यास कर्नल आणि त्याच्या जोडीची फाइल बदलावी लागे.

फळ्यावर दोन वेगळे आकडे असतील, तर खडू किती हवेत? विद्यार्थ्यांना विचारून पाहा.